डोळा धुतलेलं पाणी

दाजीबानपेठेत सराफांच्या दुकानांपुढून गेलं की काचेची कपाटं, पांढऱ्या गाद्या आणि झगझगीत दिवे दिसतात. त्या दुकानांची रसायनशाळा असते मागच्या बोळात. दहा बाय आठची काळवंडलेली खोली, एका कोपऱ्यात भट्टी, दुसऱ्या कोपऱ्यात चिनीमातीची भांडी आणि प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड. ही गलाईवाल्याची खोली. हुबळीत काय, तमिळनाडूत काय, दिल्लीत काय, सराफ बाजारामागचा गलाईवाला पुष्कळदा आपल्या सांगली जिल्ह्यातला निघतो. विटा, खानापूर, आटपाडीकडचा. पाऊस दगा देणाऱ्या त्या पट्ट्यातून माणसं पोटासाठी बाहेर पडली आणि जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा घेऊन देशभर पसरली. मुंबईला गेलेल्या कोकणी चाकरमान्याच्या कथा झाल्या, गाणी झाली, नाटकं झाली. गलाईवाल्यावर त्या मानाने कमीच लिहिलं गेलं.

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या खोलीत माझं लक्ष सोन्याआधी तेजाबाकडे जातं. काम असं चालतं. जुन्या दागिन्याच्या सोन्यात तांबं-चांदी मिसळलेली असते. ती काढायची तर आधी उलटंच करावं लागतं. सोन्यात आणखी चांदी घालून ते चौथा हिस्सा सोनं नि बाकी चांदी, इतकं पातळ करायचं. तेव्हा कुठे तेजाब आतपर्यंत शिरतं. चांदी आणि तांबं विरघळतं, तपकिरी धूर उठतो आणि तळाशी सोनं राहतं. तेही पिवळं नाही, ओल्या मातीसारखी तपकिरी भुकटी. ती धुऊन मुशीत टाकणखाराबरोबर वितळवली की लगड पिवळी होते. विरघळलेली चांदी तांब्याचे पत्रे बुडवून परत मिळवतात. शेवटी उरतं ते निळसर-हिरवं पाणी.

त्या खोलीत पाण्याचा हिशोब सोन्याइतकाच कडक. हात धुवायचे ते घमेल्यात. भांडी विसळायची ती पिंपात. जमीन झाडली तर केर टाकायचा नाही, डब्यात साठवायचा. हे सगळं झारेकरी घेऊन जातो. झारेकरी म्हणजे सोनाराची राख, केर, गाळ विकत घेऊन, तो धुऊन त्यातले सोन्या-चांदीचे कण वेचणारा. तो दुकानापुढच्या गटारातला गाळसुद्धा सोडत नाही. म्हणूनच मी पाहिलेल्या गलाईच्या खोल्यांत एक तर मोरी नव्हती, नाही तर तिच्या तोंडाशी फडक्याचा बोळा कोंबलेला होता. मोरीतून सोनं जातं, हा हिशोब.

अशाच एका कारागिराला मी विचारलं, "तेजाब डोळ्यात उडालं तर काय करता हो?"

"फडक्यानं पुसायचं, बाई. मग दवाखाना."

"आणि पाणी?"

"पाणी हाय की पिंपात. पर वतायचं कुठं? समदी खोली भिजंल, राख भिजंल. मालकाचा माल हाय तिच्यात."

बोलताना तो चेहऱ्याची डावी बाजू माझ्याकडे येऊ देत नव्हता. त्या डोळ्यात फूल पडलेलं आहे. पंधराव्या वर्षी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या मालकाकडे उडालेल्या थेंबाचं.

"वतायचं कुठं" हा त्याचा प्रश्न मला अडाण्याचा वाटला नाही. शंभर वर्षांत मोठमोठ्या लोकांनी प्रयोगशाळेतल्या अपघातांवर नियम लिहिले, तेही याच प्रश्नापाशी येऊन गप्प झालेले आहेत.

डोळ्यात जळजळीत काही गेलं तर पाणी मारावं, हे आज शाळकरी पोरही सांगेल. शास्त्राला ते पटायला मात्र बराच काळ लागला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात क्षारावर एक अख्खा अध्याय आहे. क्षार कसा करायचा, मंद कसा, तीव्र कसा, कुठे लावायचा, आणि लावल्यावर आंबट द्रवाने त्याचा जोर कसा मोडायचा, हे सगळं त्यात येतं. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला, त्याचा पहिला खंड १९०२ साली निघाला. त्यात या क्षारप्रकरणाची त्यांनी आवर्जून दखल घेतली आहे. आंबटाने क्षार मारायचा आणि क्षाराने आम्ल, हा विचार इतका सुबक आहे की जगभरच्या प्रयोगशाळा त्याच वाटेने गेल्या. मी विद्यार्थिनी होते तेव्हाही आमच्या बेसिनवरच्या फळीवर दोन बाटल्या असत. एक सोडा बायकार्बोनेटची, ॲसिड उडालं तर. दुसरी बोरिक ॲसिडची, कॉस्टिक उडालं तर. बाटल्यांवर लाल कागद चिकटवलेला असे आणि त्यांची बुचं घट्ट बसलेली असत.

कागदावर हे बरोबर दिसतं. पण डोळा मिटून किंचाळणाऱ्या मुलीच्या डोळ्यात नेमकं काय गेलं, ते आधी ठरवायला हवं. मग बाटली शोधायला हवी, बूच काढायला हवं. त्यात आम्ल आणि क्षार एकमेकांना मारतात तेव्हा उष्णता निघते, ती त्याच जखमेवर. डेट्रॉइटचे शल्यचिकित्सक एडवर्ड डेव्हिडसन यांनी १९२७ साली ही गोष्ट प्रयोगाने तपासली. प्रयोग प्राण्यांवर केलेले होते. वाचताना माझ्यासारखीचा जीव कासावीस होतो, पण निष्कर्ष डावलता येत नाही. ताबडतोब आणि भरपूर साध्या पाण्याने धुतलेल्या जखमा उतारा लावलेल्या जखमांपेक्षा बऱ्या राहिल्या. उशीर झाला की पाण्याचाही उपयोग कमी होत जातो. डोळ्याच्या बाबतीत तर क्षार आम्लाहून वाईट. बहुतेक आम्लं वरचा थर गोठवून तिथेच थबकतात, क्षार विरघळवत आत सरकतो. तंबाखूच्या चुन्याची पुडी पिचकून लहान मुलांचे डोळे जातात ते यामुळेच. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात, ते बाहेर काढून धुवावं लागतं, आणि धुवायचं म्हणजे दोन हबके मारायचे नाहीत. पंधरा मिनिटं.

कायदा या पंधरा मिनिटांच्या आधीच पाण्यापर्यंत आला होता. ब्रिटनमध्ये १९२२ साली रसायनांच्या कारखान्यांसाठी नियम झाले. तीव्र आम्लं हाताळतात तिथे माणसाला कपड्यांसकट गार पाण्याने भिजवण्याची सोय हवी आणि डोळे धुण्याच्या बाटल्या ठळक खूण केलेल्या कपाटात हव्यात, असं त्यात होतं. आपल्या राज्यांच्या कारखाना नियमांतही ही दोन साधनं आली. पुढे १९८१ साली अमेरिकेने या शॉवरचं नि डोळे धुण्याच्या नळाचं स्वतंत्र प्रमाण केलं आणि १९८२ साली आपल्याकडे भारतीय मानक निघालं, क्रमांक १०५९२. भोपाळ त्याच्या दोनच वर्षं पुढे होतं.

अमेरिकन प्रमाणातले आकडे मी वर्गात फळ्यावर लिहीत असे. डोळ्यांच्या नळाला मिनिटाला किमान दीड लिटर पाणी, सलग १५ मिनिटं. डोक्यावरच्या शॉवरला मिनिटाला सुमारे ७६ लिटर, तेही १५ मिनिटं. साधन १० सेकंदांच्या अंतरावर, वाटेत दार-पायरी नको. पाणी कोमट, १६ ते ३८ अंश. आणि दर आठवड्याला एकदा सोडून बघायचं. मुली वहीत उतरवून घेत. मग मी त्यांना गुणाकार करायला लावी. ७६ गुणिले १५ म्हणजे ११०० लिटरांच्या वर. घरातली पंधरा लिटरची बादली धरली तर पंचाहत्तर बादल्या. हुबळीच्या मुलीला पंचाहत्तर बादल्या म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. नीरसागर आणि मलप्रभेचं पाणी आमच्या नळाला काही दिवसांआड येतं, त्या दिवशी घरातला तांब्यासुद्धा भरून ठेवायचा असतो. २००८ पासून काही प्रभागांत चोवीस तास पाणी आलं, पण पेठेतल्या जुन्या बायकांची पिंपं भरायची सवय काही गेलेली नाही.

तर पंचाहत्तर बादल्या पाणी येणार, हे ठरलं. ते जाणार कुठे? अमेरिकन प्रमाणात खाली मोरी हवीच अशी अट नाही. वापरलेल्या पाण्याची विल्हेवाट लक्षात घ्या, एवढी सूचना परिशिष्टात आहे. आपल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं अकरावं कलम स्वच्छतेचं. उत्पादनाच्या कामात जमीन ओली होत असेल तर निचऱ्याची सोय करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. वाक्य चांगलं आहे. पण अपघात हे उत्पादनाचं काम नव्हे. शिवाय त्या कायद्यात फॅक्टरी म्हणजे वीज असेल तर दहा कामगार, नसेल तर वीस, अशी व्याख्या होती. तीन माणसांची गलाईची खोली त्यात बसत नव्हती आणि चाळीस मुलींची कॉलेजची प्रयोगशाळाही बसत नव्हती. दोन्हीकडे तेच तेजाब.

मला या सगळ्यात नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. आपल्या घरांत मोरी कधीची आहे! स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वीतभर कठडा, आत उतरती फरशी, कोपऱ्यात भोक. पाणी कितीही ओता, कठड्याबाहेर येत नाही. मोरी बांधताना गवंडी ओळंबा बाजूला ठेवून तांब्याभर पाणी ओतून बघतो. हे ज्ञान इतकं रुळलेलं की मुंबई इलाख्यातल्या इंजिनियरांनी जमिनीतल्या जाळीच्या सांडव्याला आपलाच शब्द लावला. आजही स्थापत्याच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकांत त्याला 'नहाणी ट्रॅप' म्हणतात आणि नकाशावर 'एन.टी.' अशी खूण करतात. न्हाणीघरातली आपली न्हाणी ती. पण परदेशी कॅटलॉगमधून प्रयोगशाळेचा शॉवर आला तेव्हा तो एकटाच आला, मोरी घेऊन आला नाही. गुळगुळीत सपाट फरशीच्या मधोमध, छतापासून लोंबणारी साखळी आणि खाली काहीच नाही.

एका कॉलेजात (नाव सांगत नाही, तिथली माणसं पुढे चांगली वागली) प्रयोगशाळा पहिल्या मजल्यावर होती. शॉवर बसला त्या दिवशी कुणीतरी हौसेने साखळी ओढली. एका मिनिटात पाणी टेबलांखालून व्हरांड्यात, तिथून जिन्यावरून खाली ऑफिसात. परीक्षेचे अर्ज भिजले. दुसऱ्या दिवशी वरचा कॉक बंद झाला आणि साखळी तारेने गुंडाळून ठेवली गेली. आठवड्याला तपासणी वगैरे प्रश्नच मिटला. इन्स्पेक्शनला पाहुणे आले की तार काढायची, गेले की परत लावायची.

काही वर्षांनी तिथे एका मुलीच्या तोंडावर गरम कॉस्टिक सोडा उडाला. सगळ्यांचे डोळे आधी त्या साखळीकडे गेले, मग तारेकडे. आमच्या प्रयोगशाळेतल्या मावशींनी मात्र कुणाची वाट पाहिली नाही. मुलीला दंडाला धरून त्यांनी व्हरांड्याच्या टोकाला बायकांच्या न्हाणीत नेलं, कठड्याच्या आत उकिडवं बसवलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि मगाने पाणी ओतत राहिल्या. मुलगी "पुरे, पुरे" म्हणत होती. मावशी कानडीत तिला दटावत होत्या आणि ओतत होत्या. मी घड्याळ धरून उभी होते. बादल्या संपल्या तशा मुलींनी रांग लावून पिंपातून आणल्या. वीस मिनिटं झाली. तिचा डोळा वाचला. शिकून ती पुढे शिक्षिका झाली.

मावशींना प्रमाणाचे आकडे ठाऊक नव्हते. त्यांनी मुलीला तिथे नेलं कारण तिथे पाणी ओतता येत होतं. हजार रुपयांची जाळी नि उतार नसल्यामुळे कित्येक हजारांचा शॉवर तारेत गुंडाळलेला राहिला, आणि कठडा असलेली न्हाणी कामाला आली.

मग मोरी करून टाका की सगळीकडे! इतकं सोपं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. मोरीच्या विरोधातही वजनदार बोलणं आहे, आणि ते आपल्या लोकांनी भोगलेलं आहे. २०१४ च्या नोव्हेंबरअखेर उल्हासनगरला वालधुनी नदीत कुणीतरी रात्रीतून टँकरभर रसायन सोडलं. नदीकाठच्या वस्तीतली शेकडो माणसं गुदमरून दवाखान्यात गेली. त्याच वर्षी जानेवारीत डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याची बातमी होती, आणि २०२० साली तिथला रस्ता गुलाबी झाला. गटारात एकदा गेलेलं रसायन पुढे कुणाला भेटेल, त्याचं काय होईल, ते सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही. प्रयोगशाळेच्या जमिनीला जाळी असली की आज डोळा धुतलेलं पाणी जाईल, उद्या फुटलेली बाटलीही त्यातूनच जाईल. पाव लिटर सल्फ्युरिक ॲसिड अकराशे लिटर पाण्यात मिसळलं तर आंबटपणा लिंबाच्या रसाच्या जवळपास येतो, हे मी गणित करून पाहिलं आहे. त्याने गटाराचं फारसं बिघडणार नाही. पण पारा, सायनाइड, बेन्झीन यांचं गणित असं सुटत नाही.

दुसरी अडचण सुकलेल्या ट्रॅपची. १७७५ साली लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीने शौचकूपाच्या नळीला वाकण देऊन त्यात पाणी अडवायचं पेटंट घेतलं. त्या ओंजळभर पाण्याने गटाराची घाण हवा वर येत नाही. आपल्या नहाणी ट्रॅपचं कामही त्याच तत्त्वावर चालतं. घरची मोरी रोज वापरात असते, तिथलं पाणी सुकत नाही. शॉवरखालची मोरी वर्षानुवर्षं कोरडी. मे महिन्यात अडवलेलं पाणी उडून जातं आणि प्रयोगशाळेत गटाराचा वास भरतो. मग शिपाई जाळीवर रबराचा तुकडा ठेवतो. झालं, पुन्हा मोरी बंद. गंमत अशी की आठवड्याला शॉवर सोडून बघितला तर ट्रॅप आपोआप भरलेला राहतो. पण मोरी नाही म्हणून शॉवर सोडत नाहीत, आणि शॉवर सोडत नाहीत म्हणून असलेली मोरी सुकते.

आमच्या घरात पाण्याचं हे पुढचं टोक लहानपणापासून शिकवलेलं. पाणी गाळून घ्यायचं आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी कुठेही झटकायची नाही, ज्या विहिरीचं पाणी तिच्यातच अलगद परत सोडायची. तत्त्वार्थसूत्रातल्या पाच समितींपैकी शेवटची उत्सर्ग समिती. टाकायची ती गोष्ट कुठे नि कशी टाकता, ते बघून टाका, एवढाच तिचा विषय. मुनींसाठी सांगितलेली ही गोष्ट आजी राखेच्या पाण्यालाही लावी. तेव्हा मला तो नसता जाच वाटे. प्रयोगशाळेच्या मोरीचा नकाशा पुढ्यात आला तेव्हा आजीच डोळ्यांपुढे आली. डोळ्यातून निघालेलं पाणी कुणाच्या विहिरीत जाणार, हे विचारणारी तीच होती.

यातला मधला मार्ग इंजिनियरांना माहीत आहे. शॉवरखाली कठडा आणि उतार असलेली मोरी, तिची नळी सरळ गटाराला न जोडता वेगळ्या टाकीत. पाणी तपासून, लागलं तर चुना किंवा सोडा घालून, मग सोडायचं. तळमजल्यावर हे सोपं जातं. वरच्या मजल्यावर खर्च येतो. डोळ्यांच्या नळाला तर बेसिनच असतं, त्याची नळी तेवढी जोडायची. तीही न जोडलेली मी दोन ठिकाणी पाहिली आहे. पाणी थेट पायावर.

पेठेतल्या त्या कारागिराला मी हे सगळं सांगितलं नाही. मोठा प्लॅस्टिकचा टब आण, एवढंच म्हटलं. त्यात उकिडवं बसायचं, डोळा धुवायचा, पाणी टबातच राहतं. सोन्याचा कण असला तर झारेकरी नेईल. हे त्याला लगेच पटलं. "आसं सांगा की! माल कुठं जात न्हाई ह्यात." त्याच आठवड्यात त्याने टब आणला. मी पाहिलं तेव्हा त्यात कोळसा भरलेला होता. आता मी अधूनमधून जाते. मला बोळात बघितलं की पोरगा कोळसा काढून पोत्यात भरायला लागतो.

आणि त्या कॉलेजची नवी इमारत झाली. नकाशा दाखवायला मला घरी आले, तेव्हा शॉवरच्या जागी मी पेन्सिलीने गोल काढून 'एन.टी.' लिहिलं. वेगळ्या टाकीला पैसे मंजूर झाले नाहीत, पण मागच्या बाजूला चुनखडी भरलेला एक खड्डा झाला, नळी त्यात सोडली. फरशी बसली त्या दिवशी प्लंबर म्हणाला, "मॅडम, आंघोळ कोण करणार इथे?" मी बादलीभर पाणी ओतायला सांगितलं. पाणी जाळीकडे गेलं, पण भिंतीशी बोटभर साचून राहिलं. त्याने वाकून पाहिलं, काही बोलला नाही, दोन फरश्या उखडल्या आणि उतार नव्याने द्यायला बसला.